नाताळचा सिनेमा घरातल्या सगळ्यांसोबत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की आमच्या घरी एक काम न सांगता माझ्याकडे येतं: सगळे जमल्यावर कुठला सिनेमा लावायचा ते ठरवणं. खोलीत पाच वर्षांचा भाचा असतो, सोळा वर्षांची भाची असते आणि ऐंशी ओलांडलेली आजी असते. या कामात मी दोन-तीनदा सपशेल आपटले आहे. आता मैत्रिणी आणि नातेवाईक मलाच फोन करून विचारतात, आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणून एकदाचं लिहूनच काढलं.

सुरुवात कुठून करायची? एखाद्या यादीवरून?

यादी शेवटी. आधी माणसं मोजा. सगळ्यांत लहान कोण आहे, सगळ्यांत लवकर कंटाळणारं कोण आहे (हे दोघं एकच असतील असं नाही, आमच्याकडे दुसरा मान काकांचा) आणि संवादांची भाषा कुणाला अडणार आहे, एवढं कळलं की निम्म्या सिनेमांवर आपोआप काट बसते.

सगळ्यांना आवडेल असा सिनेमा शोधायला गेलात तर रात्र संपेल. कुणीही मधेच उठून जाणार नाही असा शोधा, तो सापडतो. माणसं अख्ख्या सिनेमाला कंटाळून क्वचितच उठतात. पाच-दहा मिनिटांचा एखादा तुकडा घात करतो: भुताचा प्रसंग, मोठ्यांसमोर अवघडायला लावणारा प्रसंग, नाहीतर रेंगाळलेली सुरुवात. तो तुकडा कुठला आहे हे आधीच ठाऊक असणं, हीच निवडणाऱ्याची खरी कामगिरी. खालची बहुतेक उत्तरं त्या तुकड्यांबद्दलच आहेत.

नाताळचा सिनेमा नक्की म्हणायचं कशाला?

नाताळात प्रदर्शित झालेला तो नाताळचा, असं म्हणायची सोय नाही. ‘मिरॅकल ऑन ३४थ स्ट्रीट’ हा या प्रकारातला जुना मानकरी १९४७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर थिएटरात लागला होता. तेव्हा उन्हाळ्यात लोक सिनेमाला जास्त जातात असा स्टुडिओचा हिशेब होता, म्हणून जाहिरातींत नाताळचं नावही फारसं घेतलं नव्हतं. ‘डाय हार्ड’ १९८८ च्या जुलैमधला.

‘डाय हार्ड’ नाताळचा सिनेमा आहे की नाही, हा वाद तुमच्याही घरात एखादा भाऊ किंवा मामा काढेलच. नाताळच्या आदल्या रात्री ऑफिसातली पार्टी चालू आहे, नवरा रुसलेल्या बायकोला भेटायला आलाय, इथपर्यंत सगळं जमतं. पण अमेरिकेत त्याला ‘आर’ श्रेणी आहे, त्यात रक्त आहे, शिव्या आहेत आणि लांबी दोन तासांच्या वर. वाद जरूर घाला. सिनेमा मुलं झोपल्यावर लावा.

माझी कसोटी साधी आहे. गोष्टीतून नाताळ काढून घेतला तर ती कोसळते का? कोसळत असेल तर तो नाताळचा सिनेमा. नुसतं मागे झाड उजळलेलं दिसतं म्हणून कुठलाही सिनेमा नाताळचा होत नाही.

किती लांबीचा सिनेमा बसवता येतो?

पाचच्या आतबाहेरचं मूल असेल तर तासभरही खूप होतो. सुदैवाने या विषयावर पंचवीस-सव्वीस मिनिटांचे फार सुंदर छोटे सिनेमे आहेत: १९६५ चा ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’, १९६६ चा मूळ ‘ग्रिंच’, १९८२ चा ‘द स्नोमॅन’ आणि १९८३ चा ‘मिकीज ख्रिसमस कॅरल’. यातले दोन लागोपाठ लावले की पन्नासेक मिनिटं होतात, मधे उठायला सुटी मिळते आणि कुणी रडलं तर पुढचा लावून विषय बदलता येतो. हा बेत माझ्याकडे कधीच फसलेला नाही.

सात-आठच्या पुढे नव्वद ते शंभर मिनिटं ठीक. ‘एल्फ’, ‘क्लाउस’, ‘आर्थर ख्रिसमस’ हे सगळे साधारण याच मापाचे. ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ तर सव्वा तासात आटपतो. दोन तासांच्या वरचे सिनेमे दुपारी लावावेत. रात्री जेवणानंतर लावले की शेवट बघायला फक्त लावणारा जागा राहतो.

अगदी लहान मुलांसाठी ‘द स्नोमॅन’ चालेल का? तो दुःखी आहे म्हणतात.

दुःखी आहे. एक मुलगा बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो, दोघं हात धरून उडत उत्तरेला जातात, तिथे बर्फाच्या माणसांचा मेळावा भरलेला असतो आणि सांताही भेटतो. सकाळी मुलगा धावत अंगणात येतो तर बर्फाचा ढिगारा आणि त्यावर पडलेली टोपी. तो खिशात हात घालतो, सांताने दिलेला गळपट्टा हाताला लागतो, आणि तिथेच सिनेमा संपतो. समजूत घालणारं कुणी नाही.

माझा भाचा पहिल्यांदा बघताना काही बोलला नाही. श्रेयनामावली संपेपर्यंत पडद्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “उद्या परत बर्फ पडेल ना?” मी ‘हो’ म्हटलं. मला वाटतं तेवढं पुरतं. पण मूल हळवं असेल तर हा सिनेमा रात्रीचा शेवटचा ठेवू नका, त्याच्यानंतर काहीतरी हसरं हवं.

रेमंड ब्रिग्जच्या ज्या चित्रपुस्तकावरून तो केला (१९७८), त्यात सांताच नाही. तो सिनेमावाल्यांनी आणला. पुस्तकात फक्त मुलगा, बर्फाचा माणूस आणि सकाळ.

सिनेमाच्या श्रेणीवर किती विसंबायचं?

दिशा कळण्यापुरतं. अमेरिकी श्रेणीत ‘जी’ म्हणजे सगळ्यांसाठी, ‘पीजी’ म्हणजे पालकांनी लक्ष ठेवावं, ‘पीजी-१३’ म्हणजे तेराच्या आतल्यांच्या बाबतीत जपून, आणि ‘आर’ म्हणजे सतराखालच्यांसोबत मोठं माणूस हवंच. यात ‘पीजी-१३’ ही पायरी आली तीच मुळी एका नाताळच्या सिनेमामुळे, निदान अर्धी. १९८४ मध्ये ‘ग्रेमलिन्स’ला ‘पीजी’ मिळालं होतं. पालक मुलांना घेऊन गेले, आणि पडद्यावर आई स्वयंपाकघरात ग्रेमलिन नावाच्या उपद्रवी हिरव्या प्राण्यांना मिक्सर आणि मायक्रोवेव्हमध्ये घालून मारताना दिसली. त्याच उन्हाळ्यात आलेल्या इंडियाना जोन्सच्या दुसऱ्या सिनेमावरही अशीच ओरड झाली, आणि काही आठवड्यांत नवी श्रेणी लागू झाली. म्हणजे १९८४ च्या आधीच्या सिनेमावर ‘पीजी’ दिसलं तर ते आजच्या ‘पीजी’सारखं समजू नका.

अलीकडच्या सिनेमांतही घोळ आहेतच. ‘द पोलर एक्सप्रेस’ (२००४) ‘जी’ आहे, म्हणजे सगळ्यांत निरुपद्रवी. पण त्यात मोडक्या, टाकून दिलेल्या कळसूत्री बाहुल्यांनी भरलेला आगगाडीचा डबा आहे आणि त्यातली एक बाहुली मुलाच्या अंगावर येऊन बोलते. शिवाय नटांच्या हालचाली संगणकात उतरवून केलेले ते चेहरे: ना धड माणूस, ना धड कार्टून. काही मुलांना त्याचं काहीच वाटत नाही, काहींना डोळ्यांकडेच बघवत नाही.

त्यामुळे माझा नियम असा की लहान मूल सोबत असेल तर तुम्ही स्वतः न पाहिलेला सिनेमा लावायचा नाही. अख्खा बघायला वेळ नसेल तर मधली पंधरा मिनिटं आणि शेवटाआधीची पंधरा मिनिटं पुढे-मागे करून बघा. जे काही भयंकर असतं ते सहसा तिथेच असतं.

सांताचं गुपित फुटणार नाही असा कुठला?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, आणि तो बरोबरच आहे. विश्वास ठेवणारं मूल खोलीत असेल तर सगळ्यांत मोठा धोका भुतांचा नसून एखाद्या बिनधोक वाटणाऱ्या वाक्याचा असतो.

सगळ्यांत जपून ‘ग्रेमलिन्स’. त्यात एक मुलगी स्वतःच्या घरातली जुनी दुःखद हकीकत सांगते आणि तिच्या शेवटच्या वाक्यात सगळंच उघडं पडतं. त्यानंतर ‘मिरॅकल ऑन ३४थ स्ट्रीट’: यातली आई मुलीला सांता नसतोच असं शिकवून वाढवते आहे, ते सुरुवातीलाच बोललं जातं, आणि पुढे तर प्रश्न कोर्टातच जातो. शेवट सांताच्या बाजूने होतो, पण तोवर मुलाच्या डोक्यात किडा शिरलेला असतो. ‘द सांता क्लॉज’मध्ये (१९९४) सावत्र वडील मुलाला शांतपणे समजावतात की असं काही नसतं. ‘एल्फ’मध्येही, हे सगळं आईवडीलच करतात असं काही लोक मानतात, असा उल्लेख जाता जाता होतो. तो हसण्यावारी जातो, पण तीक्ष्ण कानांचं मूल पकडतं. ‘द पोलर एक्सप्रेस’चा नायकच शंका घेऊन बसलेला आहे.

बिनघोर म्हणाल तर ‘आर्थर ख्रिसमस’. त्यात सांता आहेच, त्याचा बाप आहे, दोन मुलगे आहेत आणि एका रात्रीत सगळ्या जगाला भेटी कशा पोचतात याचं यंत्रांनी भरलेलं उत्तरही आहे. उलट तो बघून विश्वास पक्का होतो. ‘द स्नोमॅन’ही सुरक्षित. ‘होम अलोन’मध्ये एक गंमत आहे: मुलगा सांताचा वेष घातलेल्या माणसाला सांगतो की तुम्ही खरे नाही हे मला माहीत आहे, पण तुम्ही त्याच्यासाठी काम करता तेव्हा माझा निरोप पोचवा. गुपित सांभाळायची याहून शहाणी तोड मी पाहिलेली नाही. मी ती घरातही वापरली आहे.

‘क्लाउस’चं कसं, असंही विचारतात. तो सांताची दंतकथा कशी सुरू झाली ते सांगतो: एक कामचुकार पोस्टमन, एक एकटा राहणारा खेळणी करणारा सुतार, आणि पत्रं. मुलं सहसा ते खरा इतिहास म्हणूनच घेतात. क्वचित एखादं विचारतं, “मग आता कोण करतं?” शेवटच्या पाच मिनिटांत सिनेमा त्याचं उत्तर देतो, तेव्हा ती पाच मिनिटं चुकवू नका.

‘होम अलोन’ बघून मुलं तसले उद्योग करतील का?

करून बघायची इच्छा होईल. १९९० चा हा सिनेमा पहिला तासभर एका विसरलेल्या मुलाची गोष्ट आहे, आणि शेवटच्या भागात इस्त्री डोक्यावर पडते, रंगाचे डबे तोंडावर आदळतात, डोक्याला आग लागते. चोर मात्र कार्टूनमधल्या बोक्यासारखे परत उभे राहतात. मुलांना हे खोटं आहे ते कळतं, पण “इस्त्री खरंच लागली असती तर काय झालं असतं?” एवढं हसत हसत विचारून ठेवावं. आमच्याकडे भाच्याने जिन्यावर मोटारी पसरून ठेवल्या होत्या. काका वाचले.

लहानांना भीती वाटते ती मारामारीची नव्हे, शेजारच्या दाढीवाल्या म्हाताऱ्याची. तो फावडं घेऊन बर्फातून येतो तेव्हा संगीत असं वाजतं की मोठी माणसंही सावरून बसतात. चर्चमधल्या प्रसंगात तो आणि मुलगा शेजारी बसून बोलतात तेव्हा भीती विरघळते, आणि खरं तर सिनेमातला सगळ्यांत चांगला प्रसंग तोच. मूल घाबरलं तर एवढंच सांगा, की हा चांगला निघणार आहे. गोष्ट फुटली तरी चालेल.

स्क्रूजच्या गोष्टीचे एवढे सिनेमे आहेत. कुठला घ्यायचा?

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझी सगळ्यांत मोठी फजिती इथेच झाली.

इंग्रज लेखक डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही छोटी कादंबरी १९ डिसेंबर १८४३ ला आली. स्क्रूज नावाचा कंजूष म्हातारा, मेलेला भागीदार मार्ली, तीन भुतं, एक रात्र. सिनेमा जन्मल्यापासून लोक तिच्यावर सिनेमे काढत आले आहेत. त्यामुळे ‘अ ख्रिसमस कॅरल’ असं शोधलं की समोर डझनभर नावं येतात आणि त्यातलं एखादं कार्टूनसारखं दिसतं. मी असंच चित्र बघून २००९ चा, जिम कॅरीचा, लावला. भाचा तेव्हा चारचा. दाराच्या कडीचा एकाएकी मेलेल्या माणसाचा चेहरा झाला, तेव्हाच पांघरूण नाकापर्यंत आलं. पुढे मार्लीचं भूत खोलीत आलं, त्याचा जबडा निखळून लोंबायला लागला आणि तो हाताने धरून बोलू लागला, तेव्हा पांघरुणाच्या आतून आवाज आला, “हे बंद कर.” बंद केला. पुढचा आठवडाभर कुणी बेल वाजवली की तो आधी दाराच्या कडीकडे बघायचा. सिनेमा वाईट नाही, उलट पुस्तकाशी बराच इमानदार आहे. पण पुस्तकच भुताचं आहे हे मी विसरले होते.

लहानमोठे एकत्र असतील तर १९९२ चा ‘द मपेट ख्रिसमस कॅरल’ डोळे मिटून घ्या. मपेट म्हणजे कापडी बाहुल्या. स्क्रूजचा गरीब कारकून बॉब क्रॅचिट म्हणजे केर्मिट बेडूक, स्वतः डिकन्स म्हणजे लांब नाकाचा गॉन्झो, आणि मधोमध मायकल केन, जो आजूबाजूला सगळी माणसंच आहेत अशा गांभीर्याने स्क्रूज करतो. तो एकदाही डोळा मारत नाही, म्हणून शेवटी त्याचं बदलणं खरं वाटतं. यातली मुलांसाठीची सगळ्यांत हुशार जागा म्हणजे तिसरं भूत यायच्या वेळी निवेदन करणारे गॉन्झो आणि उंदीर म्हणतात, हे आम्हाला झेपणार नाही, शेवटाला भेटू, आणि खरंच पळून जातात. घाबरलेल्या मुलाला कळतं की घाबरणारं आपण एकटेच नाही. आमचं भुतांशी पुन्हा सूत जमलं ते या सिनेमाने.

त्याच्या दोन आवृत्त्या आहेत. थिएटरसाठी एक दुःखी प्रेमगीत कापलं होतं, ते पूर्ण आवृत्तीत परत आहे. चुळबुळी मुलं असतील तर कापलेली बरी. मोठ्यांसाठी पूर्ण, कारण त्या गाण्याशिवाय तरुण स्क्रूजने काय गमावलं ते नीट कळत नाही आणि शेवटचं गाणं त्याच सुरांवर उभं आहे.

फक्त मोठी माणसं असतील तर १९५१ चा ॲलिस्टर सिमचा, कृष्णधवल. सकाळी उठल्यावर आपण जिवंत आहोत हे कळल्यावरचं त्याचं हसू बघण्यासाठी तरी.

आजी-आजोबांना इंग्रजी पटकन समजत नाही. काय करावं?

पहिला पर्याय डबिंग. अॅनिमेशनला ते खपून जातं, खऱ्या नटांच्या सिनेमात ओठ आणि शब्द यांची फारकत जुन्या डोळ्यांना खुपते. सबटायटल असली तरी वाचायला वेळ लागतो, आणि चष्म्याच्या दोन नंबरांमधली माणसं तर वाचतच नाहीत. त्यामुळे मी उलटं बघते: शब्दांवाचून किती चालेल?

‘द स्नोमॅन’मध्ये सुरुवातीचं छोटं निवेदन आणि एक गाणं सोडलं तर शब्द नाहीतच. ‘होम अलोन’चा शेवट आवाज बंद करून लावला तरी समजतो. आजीने तो अख्खा पाहिला आणि तिचा एकच आक्षेप होता, “एवढं पोर एकटं आहे आणि शेजारपाजारचं कुणी विचारायला येत नाही?” आक्षेप चोख आहे.

काही सिनेमांनी ही अडचण गोष्टीतच घेतली आहे. ‘क्लाउस’मध्ये मार्गू नावाची चिमुरडी उत्तर युरोपातल्या सामी लोकांच्या भाषेत बोलते. खाली भाषांतर येत नाही, पोस्टमनला काही कळत नाही, आपल्यालाही नाही. तरी तिला काय हवंय ते त्याच्या आधी आपल्याला कळतं. १९४७ च्या ‘मिरॅकल’मध्ये एक अनाथ डच मुलगी दुकानातल्या सांताला भेटायला येते. तिला इंग्रजी येत नाही, आणि म्हातारा तिच्याशी थेट डचमध्ये बोलायला लागतो. तिथेही भाषांतर नाही. फक्त मुलीचा चेहरा आणि बाजूला उभ्या असलेल्या, काही न मानणाऱ्या पोरीचा चेहरा. आजी या ठिकाणी डोळे पुसते, आणि ती भाषा तर घरात कुणालाच येत नाही.

शब्दांच्या कोट्यांवर चालणारे सिनेमे मात्र टाळा. प्रत्येक विनोदानंतर “काय म्हणाला?” आणि त्याचं स्पष्टीकरण, यात दोघांचाही सिनेमा बुडतो.

जुना कृष्णधवल सिनेमा मुलं बघतील का?

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’बद्दल विचारत असाल तर दहाच्या खाली नको. रंग नाहीत ही अडचण दहा मिनिटांत विसरली जाते. खरी अडचण लांबीची, दोन तास दहा मिनिटं. आणि ज्या देवदूताची सगळीकडे तारीफ ऐकलेली असते तो जमिनीवर उतरतो फार उशिरा, सिनेमा संपत आल्यावर. तोवर एका भल्या माणसाची स्वप्नं एकेक करून मागे पडताना बघायची. कर्ज, गैरसमज, हरवलेले आठ हजार डॉलर, आणि जीव द्यायला पुलावर उभा असलेला नायक. त्याआधी, बालपणाच्या भागात, दुःखाने बेभान झालेला औषधवाला लहानपणीच्या नायकाच्या, जॉर्जच्या, दुखऱ्या कानावर मारतो. कानातून रक्त येतं. मुलं या जागी चपापतात.

पण बाराच्या पुढच्यांना जरूर दाखवा, आणि त्यांना बर्फाची गोष्ट सांगून बसवा. तो सगळा बर्फ १९४६ च्या कडक उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात पाडलेला आहे. त्याआधी सिनेमात बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरत. ते पायाखाली इतके कुरकुरायचे की संवाद नंतर वेगळे भरावे लागत. दिग्दर्शक फ्रँक काप्राला आवाज जागेवरच हवा होता, म्हणून आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी यांचं मिश्रण फवारलं. त्या युक्तीला ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. हे ऐकल्यावर माझी भाची पहिला अर्धा तास फक्त नटांच्या पायांखाली बघत होती. नंतर कधी बघायची थांबली ते तिलाही कळलं नाही.

सिनेमा पहिल्या खेपेला चालला नव्हता. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण राहून गेलं, टीव्हीवाल्यांना तो जवळजवळ फुकट मिळायला लागला, ते दर नाताळात लावत सुटले आणि तो घराघरांत पोचला. एवढं मोठं नाव एका विसरलेल्या अर्जावर उभं आहे.

सोळा-सतराच्या मुलांना कसं बसवायचं?

बसवायचं नाही. निवड त्यांच्या हातात द्यायची, पण तुम्ही आधी चाळलेल्या तिघांतून. माझी भाची ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ घेते. (हा टिम बर्टनने दिग्दर्शित केला असं ती दरवर्षी म्हणते. गोष्ट बर्टनची, दिग्दर्शन हेन्री सेलिकचं. मी दरवर्षी सांगते.) लहानांपैकी कुणी असेल तर पोत्याच्या भुताचा प्रसंग जरा जड जातो.

घरात फक्त मोठी मुलं असतील तर जपानी दिग्दर्शक सातोशी कोनचा ‘टोकियो गॉडफादर्स’ (२००३) हा अॅनिमेशनपट बघा: नाताळच्या रात्री कचऱ्यात तान्हं मूल सापडलेली तीन बेघर माणसं. खूप हसवतो, आणि गोड मुळीच नाही.

‘लव्ह अॅक्चुअली’?

सासू-सासऱ्यांसोबत नको. मुलांसोबतही नको. त्यात शरीरदृश्यांसाठी नटांच्या जागी उभं राहणाऱ्या जोडीचं एक उपकथानक आहे आणि ते परत परत येतं. रिमोट शोधताना होणारी धांदल मी अनुभवली आहे.

‘ग्रिंच’ तीन आहेत. गोंधळ होतो.

सहापर्यंत १९६६ चा, आवाज बोरिस कार्लोफचा. सहा ते दहा, आणि मूल भित्रं असेल तर २०१८ चा रंगीत अॅनिमेशनवाला. २००० चा जिम कॅरीचा मोठ्यांना जास्त हसवतो, पण तो हिरवा मुखवटा आणि आरडाओरडा लहानांना झेपेलच असं नाही. नावासोबत साल बघायची सवय लावून घ्या, निम्मे अपघात टळतील.

मूळ कथेबद्दल, येशूच्या जन्माबद्दल, काही आहे का?

गंभीर हवा असेल तर ‘द नेटिव्हिटी स्टोरी’ (२००६). संथ आहे, आणि हेरोद राजाच्या सैनिकांचे प्रसंग मुलांना जड. लहानांसाठी ‘द स्टार’ (२०१७), ज्यात गोष्ट गाढवाच्या नजरेतून येते. आणि थोडक्यात हवं असेल तर ‘चार्ली ब्राउन’मधलं ते एक मिनिट: रंगमंचावर चार्लीचा मित्र लायनस एकटा उभा राहतो आणि बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला उतारा सरळ म्हणून दाखवतो. खोटं हसू भरलेलं नाही, संवादही खऱ्या मुलांच्या आवाजात आहेत. मानणारे न मानणारे दोघंही गप्प ऐकतात.

यंदा घरातलं कुणी गेलंय. तरीही सिनेमा लावावा का?

विचारून लावा. या प्रकारात मेलेले आईबाप आणि रिकाम्या खुर्च्या फार असतात: ‘क्लाउस’मधल्या सुताराची बायको गेलेली आहे, स्क्रूजला तर क्रॅचिटच्या घरातली काठी दाखवतात, जिचा धनी उरलेला नाही. आमच्याकडे आजोबा गेले त्या वर्षी आम्ही ‘आर्थर ख्रिसमस’ लावला. त्यात तीन पिढ्यांचे पुरुष एकमेकांशी भांडतात, थेरडा आजोबा जुनी घसरगाडी हट्टाने बाहेर काढतो. आजी म्हणाली, “अगदी यांच्यासारखा.” ती हसली म्हणून आम्हालाही हसता आलं. दुसऱ्या घरात हेच उलटंही होऊ शकतं, म्हणून विचारून.

एकमत होतच नाही. मग?

तीन नावं ठेवा, त्याहून जास्त नाही. प्रत्येकाला एक नकार, कारण न सांगता. जे उरेल ते लावा आणि वीस मिनिटांनी एकदाच विचारा. तेव्हा दोघांहून जास्त हात वर आले तर बदला, नाहीतर कुरकुर ऐकून सोडून द्या. ‘क्लाउस’सारख्या सिनेमाची पहिली वीस मिनिटं करडी आणि भांडकुदळ आहेत, ती मुद्दाम तशी आहेत. तिथे सोडून दिलं तर रंग भरायच्या आत उठल्यासारखं होतं. असा सिनेमा असेल तर मुदत अर्ध्या तासाची करा.

रिमोट लहानाकडे द्यायचा नाही. काकांकडेही नाही.

दरवर्षी तोच सिनेमा लावला तर कंटाळा येत नाही का?

मोठ्यांना येतो. लहानांना उलट पुढचं माहीत असण्यातच मजा असते. एक ठरलेला आणि एक नवा, असं आम्ही करतो. ठरलेल्याच्या वेळी मोठी माणसं बोलत बसतात आणि मुलं त्यांना गप्प करतात, तेवढाच सूड.

मधेच सगळे झोपले तर?

आवाज कमी करा, पण बंद करू नका. बंद केला की सगळे एकदम जागे होतात आणि “मी बघत होतो” म्हणतात.